जागा नाही: वाचनालयाच्या सर्व्हरच्या नोंदी, जून ते ऑगस्ट २०२४

३ जून, सोमवार

आधी मशीन काय आहे ते लिहून ठेवतो, नाहीतर सहा महिन्यांनी मलाच आठवणार नाही. तालुक्याच्या वाचनालयातला जुना डेस्कटॉप, रॅम ४ जीबी, त्यावर डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार). आतली डिस्क ५०० जीबीची, तिचे तीन तुकडे केलेत: रूट (मूळ सिस्टीम) ३० जीबी, व्हार (लॉग आणि सर्व्हिसचा बदलता माल) २० जीबी, उरलेलं सगळं होम. बाहेरून यूएसबीला १ टीबीची डिस्क लावलीय, तिच्यावर स्कॅनच्या मूळ टिफ फाईली जातात. जुनी मासिकं, दिवाळी अंक, स्मरणिका. दोन कॉलेजची पोरं रोज दीडशेक पानं स्कॅन करतात, ६०० डीपीआयला, एक ए-फोर पान म्हणजे साधारण १०४ एमबी. मग टेसरॅक्ट हा प्रोग्रॅम मराठी ओसीआर करतो, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर बनवतो, आणि ब्राउझरमध्ये झूम करून वाचता यावं म्हणून प्रत्येक पानाच्या छोट्या छोट्या टाईल्स कापल्या जातात. ही सगळी वरात हाकणारी सर्व्हिस मीच लिहिलेली आहे, त्यामुळे खाली जिथे जिथे शिव्या आहेत त्या स्वतःलाच.

आज सकाळी वाचनालयाच्या मॅडमचा फोन, "अरे ते पान सेव्हच होत नाहीये, इंग्लिशमध्ये काहीतरी येतंय." इंग्लिशमध्ये येत होतं ते "नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस". पुण्यातूनच एसएसएचने (दुरून मशीनमध्ये शिरायची सोय) आत शिरलो, डीएफ मारलं (डिस्क किती भरलीय ते सांगणारी कमांड), व्हार १०० टक्के. सापडला चोर असं वाटलं कारण व्हार-लॉगमध्ये माझ्याच ओसीआर सर्व्हिसची ११ जीबीची लॉग फाईल पडली होती, डीबग मोड चालू ठेवून मी विसरलो होतो. आरएम (फाईल काढायची कमांड) मारून उडवली. परत डीएफ. १०० टक्के. परत मारलं, जणू दुसऱ्यांदा विचारल्यावर उत्तर बदलणार आहे. १०० टक्के.

आता मजा अशी की डीयू म्हणतंय व्हारमध्ये फक्त ७ जीबी आहे आणि डीएफ म्हणतंय सगळं भरलंय, आणि दोघंही खरं बोलतायत. डीयू फोल्डरमध्ये फिरून फाईली मोजतं, डीएफ थेट फाईलसिस्टीमला विचारतं. आरएम फाईल पुसतच नाही, ते फक्त फोल्डरमधलं नाव खोडतं. एखाद्या प्रोसेसने ती फाईल उघडी धरली असेल तर आतला माल जागेवरच राहतो. चार्टमधून नाव कापलं पण पॅसेंजर सीटवर बसलेलाच आहे आणि उठायला तयार नाही, तसला प्रकार. एलएसओएफ प्लस एल वन (नाव खोडलेल्या पण उघड्या फाईली दाखवणारी कमांड) मारल्यावर बरोब्बर दिसला, माझीच सर्व्हिस, ११ जीबी, पुढे कंसात "डिलीटेड". सर्व्हिस रिस्टार्ट केली, व्हार झटक्यात रिकामं.

पुढच्या वेळेसाठी: चालू लॉग आरएम करायचा नाही, ट्रंकेटने शून्यावर आणायचा. आणि उडवून बसलोच असलो आणि सर्व्हिस बंद करायची सोय नसेल तर प्रॉकमध्ये (चालू प्रोसेसची माहिती दाखवणारं फोल्डर) त्या प्रोसेसच्या एफडी फोल्डरमधून ती फाईल रिकामी करता येते, हे मला नंतर कळलं.

४ जून, मंगळवार

लोकसभेचा निकाल, वाचनालयात सगळे टीव्हीसमोर, पोरं स्कॅनरकडे फिरकलीच नाहीत. माझ्या पथ्यावर पडलं. लॉगरोटेट (जुना लॉग बाजूला काढून नवा सुरू करणारा) लावलं, कॉपीट्रंकेट (आधी कॉपी, मग मूळ फाईल जागेवरच रिकामी) टाकून, कारण माझी सर्व्हिस लॉग परत उघडण्याइतकी शहाणी नाही. रोटेट होताना एखाददुसरी ओळ हरवू शकते, हरवू दे. डीबग बंद.

११ जून, मंगळवार

यावेळी एसटीने जावं लागलं. रात्री पाऊस, लाईट गेली, पहाटे आली, मशीन चालू झालं पण नेटवर्कवर काही दिसेना. जाऊन बघतो तर काळ्या स्क्रीनवर इमर्जन्सी मोड, आणि खाली लिहिलंय की रूट अकाउंट (मशीनचा सर्वाधिकारी यूजर) लॉक आहे, एंटर दाबून पुढे जा. एंटर दाबलं की परत तेच. डेबियन टाकताना रूटचा पासवर्ड रिकामा सोडला की रूट लॉक होतो आणि सगळं सुडोवर (तेवढ्यापुरते रूटचे अधिकार) चालतं, रोजच्याला ते बरंच आहे, पण इमर्जन्सी मोड नेमका रूटचाच पासवर्ड मागतो. म्हणजे आग लागल्यावर फोडायच्या काचेच्या पेटीला आपणच कुलूप लावून ठेवलेलं.

सुटका अशी केली: ग्रबच्या (मशीन सुरू होताना येणाऱ्या) मेनूवर ई दाबलं, लिनक्सने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी इनिट म्हणून बिन-बॅश दिलं, एफ-टेन. रूट रीड-ओन्ली असतो तो रीमाउंट करून लिहिण्याजोगा केला आणि एफएसटॅब (कुठली डिस्क कुठे जोडायची याची यादी) उघडली. कारण सरळ होतं, बाहेरची डिस्क दिसत नव्हती. तिची यूएसबी वायर थोडी ढिली आहे, धक्का लागला की जाते. एफएसटॅबमध्ये डिस्क लिहिलेली असेल तर सिस्टीमडी (मशीन उठवणारा प्रोग्रॅम) तिची ९० सेकंद वाट बघतो, आली नाही की पूर्ण बूटच सोडून इमर्जन्सीत जाऊन बसतो. त्या ओळीत नोफेल घातलं, म्हणजे डिस्क नसली तरी बाकीचं मशीन उठेल. रूटला पासवर्डही दिला आणि तो कागदावर लिहून मॅडमच्या कपाटात.

नोफेल घालून मी फार खूश होतो हे इथे मुद्दाम लिहितोय. ९ जुलैची नोंद बघा.

१९ जून

आतल्या डिस्कवरच्या "आवक" फोल्डरमधून रात्री दोन वाजता स्कॅन बाहेरच्या डिस्कवर हलवायचे, असं क्रॉन (ठरल्या वेळी कमांड चालवणारा) लावलं. आरसिंक (कॉपी करायची कमांड), कॉपी झाली की मूळ फाईल काढून टाकायची. हाताने चालवलं की छान चालतं, क्रॉनमधून काहीच होत नाही. जर्नलसीटीएलमध्ये (सिस्टीमच्या नोंदींत) एवढंच, की एमटीए (मेल पाठवणारा प्रोग्रॅम) नाही, आउटपुट टाकून दिलं. म्हणजे क्रॉन ओरडत होता, ऐकायला कोणी नव्हतं. आउटपुट फाईलमध्ये वळवल्यावर कळलं, लॉगच्या नावात तारीख यावी म्हणून मी क्रॉनटॅबच्या (क्रॉनच्या यादीच्या) ओळीतच डेट कमांड लिहिली होती, आणि तिच्यात टक्क्याची चिन्हं. क्रॉनटॅबमध्ये टक्का म्हणजे नवीन ओळ! पहिल्या टक्क्याच्या पुढचं सगळं कमांडला इनपुट म्हणून जातं, त्यामुळे माझी कमांड अर्ध्यात तुटत होती. टक्क्याच्या आधी बॅकस्लॅश द्यायचा, नाहीतर सरळ सगळं स्क्रिप्टमध्ये लिहून क्रॉनटॅबमध्ये फक्त स्क्रिप्टचं नाव ठेवायचं. मी दुसरं केलं. दीड तास गेला.

२ जुलै, मंगळवार

परत "नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस". परत व्हार. मी शहाणा झालोय या थाटात आधी एलएसओएफ प्लस एल वन, काही नाही. डीएफ बघितलं तर व्हार ५६ टक्के. निम्मं रिकामं आहे आणि म्हणतंय जागा नाही. टच करून एक रिकामी फाईल बनवायला गेलो, शून्य बाईटची, तिलाही जागा नाही.

शून्य बाईटच्या फाईललाही जागा नाही म्हटल्यावर डोक्यात दिवा लागायला हवा होता पण मी आधी एफएसचेकच्या मागे लागलो, डिस्क मेली असं धरून स्मार्ट रिपोर्ट काढला, तो स्वच्छ. मग शेवटी डीएफ मायनस आय. आयनोड (प्रत्येक फाईलची एकेक नोंद) १०० टक्के. १३,१०,७२० पैकी १३,१०,७२०.

हे वाचनालयात बसून समजावणं सोपं गेलं. मॅडमनी विचारलं काय झालं, म्हटलं तुमची दाखल नोंदवही. कपाटात शेल्फ रिकामे आहेत पण नोंदवहीतल्या ओळी संपल्या, नवीन पुस्तकाला दाखल नंबरच देता येत नाही, मग ते चार पानांचं चोपडं असो नाहीतर ज्ञानकोश. ईएक्सटी-फोरमध्ये (इथल्या डिस्कची फाईलसिस्टीम) ही नोंदवही फॉरमॅट करतानाच छापून येते, साधारण दर १६ केबीला एक ओळ, आणि नंतर पानं जोडता येत नाहीत. २० जीबीला १६ केबीने भागा, तेरा लाख दहा हजार सातशे वीस. आयनोडमधला आय कशाचा, याला युनिक्सच्या कर्त्यांपैकी एक डेनिस रिचींनी स्वतःच खात्रीने माहीत नाही पण बहुतेक इंडेक्स असावा असं उत्तर दिलं होतं. मॅडमना ते फार आवडलं.

तेरा लाख फाईली आल्या कुठून? टाईल्स. पान ३०० डीपीआयला आणलं की २४८० बाय ३५०८ पिक्सेल, २५६ च्या चौकोनात कापलं की १० गुणिले १४, म्हणजे १४०. मग झूमची पुढची पायरी अर्ध्या आकाराची ३५, मग १२, मग ४, मग १. एका पानाला १९२ फाईली. साडेसहा हजारांच्या वर पानं झाली आहेत, करा गुणाकार. मी हा गुणाकार मार्चमध्ये करायला हवा होता, तेव्हा मी जीबी मोजत बसलो होतो.

टाईल्सचं अख्खं फोल्डर होमवर हलवलं, तिथे आयनोड अडीच कोटींच्या वर आहेत. तेरा लाख छोट्या फाईली हलवायला किती वेळ लागतो ते विचारू नका, संध्याकाळची एसटी चुकली.

८ जुलै

काल रविवारी रात्री लाईट गेली होती. सकाळी मॅडमचा फोन, यादीत एकही स्कॅन दिसत नाही. एसएसएच केलं, बाहेरची डिस्क माउंटच (फोल्डरवर जोडलेलीच) नाही, वायर ढिली. मॅडमना म्हटलं ती काळी वायर जरा आत दाबा, दाबली, मी इकडून माउंट मायनस ए मारलं, सगळे स्कॅन हजर. पाच मिनिटांचं काम. चहा.

९ जुलै, मंगळवार

चहा महागात पडला.

सकाळी एसएसएचने आत गेलो, टॅब दाबला, तर टॅबनेच एरर दिली. बॅशला (कमांड घेणाऱ्या प्रोग्रॅमला) हिअर-डॉक्युमेंटसाठी टेम्प फाईल बनवता येत नाही, नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस. साधं नाव पुरं करायला जागा नाही! आता रूट १०० टक्के. आणि त्याच वेळी पोरांपैकी एकाचा मेसेज, "दादा शनिवारचे स्कॅन कुठेयत? आवकमध्ये नाहीत आणि डिस्कवर पण नाहीत." दीडशे पानं. तीही अशा अंकाची, जो एका वाचकाने आपल्या घरातून दोन दिवसांसाठी दिला होता आणि परत नेला होता.

इथे पोटात गोळा आला हे कबूल करतो.

एलएसओएफ प्लस एल वन, रिकामं. डीएफ मायनस आय, भरपूर आयनोड. डीएफ सांगतंय रूटवर जवळपास २९ जीबी वापरात. डीयूला मायनस एक्स देऊन, म्हणजे दुसऱ्या फाईलसिस्टीमवर जाऊ नकोस असं सांगून, मोजलं तर ७. बावीसेक जीबी हवेत. जूनमधल्यासारखीच तफावत पण जूनचं कारण नाही. एपीटीचा कॅश (उतरवलेली पॅकेजं) साफ केला, जुने कर्नल (लिनक्सचा गाभा) काढले, एक-दीड जीबी मिळाला, निदान टॅब चालायला लागला.

दुपारपर्यंत मी चुकीच्या दिशेला होतो. मग क्रॉनचा लॉग वाचला, जो १९ जूनच्या कृपेने आता निदान असतो. सोमवारी पहाटे दोन वाजता: शनिवारचे दीडशे स्कॅन यशस्वीपणे हलवले, मूळ फाईली काढल्या. यशस्वीपणे. पण सोमवारी पहाटे तर डिस्क माउंटच नव्हती!

मग उलगडत गेलं. डिस्क नसली तरी तिचं माउंटपॉइंट म्हणजे रूटवरचं एक साधं रिकामं फोल्डर, ते असतंच. नोफेलमुळे मशीन डिस्कशिवाय गुपचूप उठलं, क्रॉनने त्या फोल्डरमध्ये इमानेइतबारे १५ जीबी ओतले, ते गेले रूटवर. सोमवारी सकाळी मी माउंट मायनस ए मारलं आणि त्याच फोल्डरवर खरी डिस्क येऊन बसली. सतरंजीखाली सामान गेलं. डीयूला सतरंजीच दिसणार, आणि डीएफला जमिनीवर काय आहे ते माहीत. उरलेले सहा-सात जीबी? तेही तिथेच. पहाटे रूटवर जागा होती तेवढी आवकमधल्या पुढच्या तुकडीचे स्कॅन तो हलवत राहिला आणि जागा संपल्यावर थांबला. क्रॉन रूट यूजरचा, त्यामुळे रूटसाठी राखीव असलेले ब्लॉकसुद्धा खाल्ले.

बघायची पद्धत: रूट फाईलसिस्टीम एमएनटीवर बाइंड माउंट करायची, म्हणजे तीच दुसऱ्या फोल्डरवर पुन्हा दाखवायची. बाइंडमध्ये वर बसलेल्या दुसऱ्या डिस्का येत नाहीत, खालची जमीन दिसते. केलं, आणि तिथे सगळी पानं ओळीने. मोजली, उघडून बघितली, पहिलं पान, शेवटचं पान, मधलं कुठलंतरी. आरसिंकने चेकसम लावून (आतला मजकूर ताडून) खऱ्या डिस्कवर नेली, मग खालची काढली. पोराला मेसेज केला, "सापडले". त्याने अंगठा पाठवला. त्याला काय माहीत.

दोन बंदोबस्त केले. स्क्रिप्टच्या सुरुवातीला माउंटपॉइंट कमांडने तपासायचं, तिथे खरंच डिस्क आहे का, नसेल तर ओरडून थांबायचं. आणि डिस्क काढून त्या रिकाम्या फोल्डरला चॅटर प्लस आय लावला, म्हणजे डिस्क नसताना तिथे रूटलाही काही लिहिता येणार नाही. माउंट मात्र व्यवस्थित होतं वरून. नोफेल वाईट नाही, पण हे दोन सोबत नसतील तर लावू नये. आणि हो, नवीन वायर घेतली. शंभर-दीडशे रुपयांची. ११ जूनलाच घ्यायला हवी होती.

१७ जुलै, आषाढी एकादशी

सुट्टी, पण पोरं काल संध्याकाळी अडकली होती म्हणून घरूनच बघितलं. बाहेरच्या डिस्कवर पोरांच्या यूजरने सेव्ह होत नाही, तेच वाक्य. मी रूटने फाईल बनवली तर बनते. डीएफमध्ये एकूण आकडा आणि वापरलेला आकडा यात ४० जीबीच्या वर फरक, पण उपलब्ध शून्य.

हे मात्र लगेच ओळखलं. ईएक्सटी-फोर फॉरमॅट करताना ५ टक्के रूटसाठी राखून ठेवतं, एसटीत आमदारांसाठी सीट राखीव असते तसं. सिस्टीमच्या डिस्कवर ते हवंच, डिस्क भरली तरी रूटला आत येऊन साफसफाई करता आली पाहिजे. पण निव्वळ स्कॅन ठेवायच्या डिस्कवर आमदार कधी चढणार? ट्यूनटूएफएसने मायनस एम वन केलं, डिस्क चालू असतानाच होतं. ३७ जीबी सुटले. म्हणजे साडेतीनशे-पावणेचारशे पानं, अडीच दिवस. यावेळी डिस्क खरंच भरली आहे. ८,९०० पानं. कार्यकारी मंडळाला ४ टीबीच्या डिस्कचा अर्ज लिहून दिला.

२६ जुलै

डिस्क यायची आहे, स्कॅनिंग बंद, पोरं अनुक्रमणिका टाईप करतायत. रिकामा वेळ म्हणून एक सुधारणा करायला घेतली (रिकामा वेळ हेच मूळ कारण): रात्रीपर्यंत थांबायचं कशाला, आवकमध्ये फाईल पडली की लगेच ओसीआर सुरू व्हावा, म्हणून आयनोटिफाय (फोल्डरमधले बदल कळवणारी कर्नलची सोय) वापरून फोल्डरवर लक्ष ठेवणारी छोटी सर्व्हिस लिहिली. चालू केली. "नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस".

हसलो अक्षरशः. डीएफ: सगळीकडे जागा. डीएफ मायनस आय: भरपूर. एलएसओएफ: काही नाही. बाइंड माउंट: जमीन स्वच्छ. राखीव: काढून झालंय. त्यात सिस्टीमसीटीएल (सर्व्हिस चालू-बंद करायची कमांड) रिस्टार्ट मारलं तर तोही म्हणतो, आस्क-पासवर्ड फोल्डरवर वॉच (लक्ष) लावता आला नाही, नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस. आणि ते फोल्डर रनमध्ये, म्हणजे रॅममध्ये! तिथे कुठलं डिव्हाइस?

एसट्रेस (प्रोग्रॅम कर्नलकडे काय काय मागतो ते दाखवणारा) लावला. हजारो ओळी पळाल्या, सगळ्या आयनोटिफाय ॲड वॉच, सगळ्या यशस्वी, आणि शेवटची ईएनओएसपीसी, म्हणजे जागा नाही. लिनक्समध्ये ही २८ नंबरची एरर. कर्नलकडे "तुमचा वॉचचा कोटा संपला" असा वेगळा नंबरच नाही, त्यामुळे तो बिचारा हाच २८ नंबर परत करतो आणि वरची लायब्ररी त्याचं ठरलेलं वाक्य छापते. डिस्कचा काही संबंधच नाही. प्रत्येक यूजरला किती वॉच मिळणार ते नव्या कर्नलमध्ये रॅम बघून ठरतं, ४ जीबीवर इथे तीस हजारांच्या आसपास आहे. आणि मी आळशीपणाने आवक फोल्डरऐवजी त्याच्या वरच्या फोल्डरवर रिकर्सिव्ह लक्ष लावलं होतं, ज्यात २ जुलैला मीच आणून टाकलेल्या टाईल्स आहेत. एका पानाचं एक फोल्डर आणि आत झूमची पाच, सहा गुणिले ८,९००, त्रेपन्न हजारांच्या वर. सर्व्हिस रूटने चालवली म्हणून सिस्टीमसीटीएलचाही कोटा मीच खाल्ला.

सिसकंट्रोलने (कर्नलची सेटिंग्ज बदलायची कमांड) मर्यादा वाढवता येते, सगळीकडे तेच सुचवतात. मी वाढवली नाही, फक्त आवकवर लक्ष ठेवायला सांगितलं. एक वॉच. सर्व्हिसला तिचा वेगळा यूजरही दिला.

२ ऑगस्ट, शुक्रवार

डिस्क आली. फॉरमॅट करताना राखीव शून्य टक्के, आयनोड मुद्दाम कमी, कारण इथे शंभर-शंभर एमबीच्या फाईली आहेत. एफएसटॅबमध्ये यूयूआयडीने (डिस्कच्या ओळखक्रमांकाने), नोफेलसकट. रिकाम्या माउंटपॉइंटला चॅटर आधी, माउंट नंतर.

कॉपी सुरू केली साडेसातला, टीमक्समध्ये, म्हणजे माझं एसएसएच तुटलं तरी ती चालू राहील. मशीनला यूएसबी दोनचेच पोर्ट, सेकंदाला तीसेक एमबी, म्हणजे आठ-नऊ तास. मॅडम कुलूप लावून जाताना विचारत होत्या मेन स्विच बंद करू का पावसाचं, म्हटलं आजचा दिवस नको. स्विचवर कागद चिकटवून घेतला.

रात्री ११:२०. ४१२ जीबी झालं. तिकडे पाऊस आहे म्हणे. लाईट आहे अजून.

३ ऑगस्ट

पहाटे चारच्या सुमारास संपली. आता चेकसमने दुसरी फेरी चालू आहे, तिला आणखी वेळ लागेल. ती संपेपर्यंत जुनी डिस्क कोणी हलवायची नाही असं पोरांना सांगितलंय. वायरला तर हातच नाही.